शेवटचा हात कुणाचा?

घरात मिक्सर बंद पडला, की माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघतं ते माझं नसतं, गुलाबभाईंचं असतं. "शेवटचा हात कुणाचा लागलाय?" आमच्या सुनेला सुरुवातीला हा आरोप वाटायचा. नवीन होती, तिचा चेहरा उतरायचा. मग तिला बसवून सांगावं लागलं, की बाई, हा आरोप नव्हे, ही बिघाड शोधायची रीत आहे. खुद्द गुलाबभाई हे वाक्य उच्चारायचे तेव्हा मात्र त्यात रीतही असायची आणि आरोपही असायचा, आणि दोन्ही अर्ध्या उद्यमनगराला ऐकू जायचं.

गुलाबभाई शिकलगार हे मोटारींचे वायरमन. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात वडिलांच्या माघारी त्यांचा छापखाना चालवत होते, आणि आमच्या छापखान्याची नि गुलाबभाईंच्या पत्र्याच्या शेडची भिंत एकच होती. भिंतीच्या अलीकडे लग्नपत्रिका छापणारं माझं ट्रेडल मशीन खडखडायचं, पलीकडे कुणाचं तरी इंजिन. कोण कुणाला जास्त ताप देतं यावर आमचं कधी एकमत झालं नाही. ते मला अक्का म्हणायचे, वयानं माझ्यापेक्षा चांगले थोरले असून. आमच्याकडे बाईमाणसाला मान द्यायचा तर वय मधे येत नाही.

बुटका, गोल, खाकी अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि शर्टाच्या खिशातून कायम लोंबणारी दोन वायरची शेपटं. ती त्यांच्या दिव्याची. दिवा म्हणजे इंडिकेटरचा एक जुना बल्ब, त्याला दोन वायरी जोडलेल्या. एक टोक बॅटरीला, दुसरं जिथं संशय तिथं. बल्ब लागला तर वीज तिथवर पोचलीय, नाही लागला तर मधे कुठंतरी वाट अडलीय. मीटर त्यांनी घेतला नव्हता असं नाही, पण तो कपाटात कापडात गुंडाळून ठेवलेला असायचा, पाहुण्यांसाठीच्या कपबशांसारखा.

बोलणं असं, की समोरचा माणूस नदीच्या पल्याड उभा आहे. विनय नावाचा पदार्थ त्यांनी चाखलेला नव्हता. कोल्हापुरात दोनच गोष्टी खात्रीच्या, एक पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी आणि दुसरं माझं कनेक्शन, असं ते नव्या गिऱ्हाइकाला न विचारता सांगायचे. वायरीच्या जोडाला नुसती चिकटपट्टी गुंडाळलेली दिसली की त्यांच्या डोक्यात तिडीक जायची. जखमेला पट्टी, तारेला कथलाचा डाग, हा त्यांचा धर्म. दुसऱ्याच्या हातची चिकटपट्टी ते दोन बोटांत धरून, मेलेला उंदीर धरावा तशी, गिऱ्हाइकाच्या नाकासमोर आणायचे.

आणि एक जप होता. एक-तीन-चार-दोन. चार सिलिंडरच्या इंजिनात ठिणगी या क्रमानं पोचवायची असते. आधी पहिल्या सिलिंडरला, मग तिसऱ्याला, मग चौथ्याला, शेवटी दुसऱ्याला. हा क्रम त्यांच्या अंगात इतका मुरला होता, की चहात साखर ढवळताना, चपला घालताना, माझ्या दारात पत्रिकांचे नमुने चाळताना ते पुटपुटत असायचे, एक-तीन-चार-दोन. भाभींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, एकदा मला सांगितलं होतं, की हे झोपेतसुद्धा चालतं. मी म्हटलं, मग सकाळी लवकर सुरू होत असतील. भाभी म्हणाल्या, कुठलं, ढकलायला लागतं.

शेडच्या पुढच्या भागात गुलाबभाई आणि मागच्या भागात तुकाराम मिस्त्री. तुकामिस्त्री इंजिनवाले. उंच, वाळके, दिवसभरात बोलायचे तेवढं बोलणं गुलाबभाई एका शिंकेत संपवायचे. पण इंजिन उतरवून, उघडून, घासून, परत बसवावं तर त्यांनीच. त्यांना एक हौस होती. दुरुस्त झालेलं इंजिन ते लालभडक रंगवून द्यायचे. गिऱ्हाइकानं बॉनेट उघडलं की नवरीसारखं दिसलं पाहिजे. गुलाबभाई त्यावरून त्यांना सारखं डिवचायचे, लिपस्टिक लावली का रं आज, म्हणून. मिस्त्री मान खाली घालून हसायचे आणि दुसरा हात मारायचे.

इंजिनाचं मोठं काम झालं, की ते पहिल्यांदा सुरू करायचं दोघांनी मिळून, असा त्या शेडचा रिवाजच होता. नारळ फुटायचा, उदबत्ती लागायची. गुलाबभाई ड्रायव्हरच्या जागी बसून सेल्फ मारायचे. मिस्त्री बॉनेटखाली वाकून डिस्ट्रिब्युटर, म्हणजे ठिणगी वाटणारा तो वाटीएवढा डबा, सावकाश फिरवायचे. डबा केसभर इकडे की इंजिन गुरगुरतं, केसभर तिकडे की धापा टाकतं. गुलाबभाई डोळे मिटून ऐकत असायचे आणि बरोब्बर जागेवर ओरडायचे, "बास, हितंच." मिस्त्री तिथंच बोल्ट आवळायचे. हात एकाचा आणि कान दुसऱ्याचा. मी कितीदा तरी मशीन थांबवून दारातून हा सोहळा बघितलाय.

पण खरी गंमत काम झाल्यानंतरची. इंजिनचं काम कुठंतरी दुसरीकडे करून आणलेल्या आणि मग चालूच न होणाऱ्या गाड्या गुलाबभाईंकडे यायच्या. अशी गाडी आली की ते हत्याराला हात लावायचे नाहीत. खुर्ची टाकायचे, मालकाला समोर बसवायचे आणि विचारायचे, शेवटचा हात कुणाचा? कालपर्यंत धावणारी गाडी आज रुसली, तर ती आपणहून रुसलेली नाही, कुणीतरी काहीतरी सोडलंय आणि परत जोडलेलं नाही, नाहीतर भलतीकडे जोडलंय. मग आधी वायर कशाला बघायची, आधी माणसं बघायची. त्यांचं म्हणणं, वायर लपवत न्हाय, माणूस लपवतो.

आणि माणसं लपवायचीच. राजारामपुरीतल्या एका खानावळवाल्यांची जुनी मोटार आली होती. इंजिन नवं केलेलं, तरी हॉर्न वाजवला की दिवे मंद व्हायचे आणि गाडी बंद पडायची. मालक शपथेवर सांगत होते, इंजिन करणाऱ्या त्या दुसऱ्या मिस्त्रीशिवाय कुणाचाही हात नाही. गुलाबभाईंनी चहा मागवला. मग मालकाच्या घरची चौकशी सुरू केली, पोरं काय करतात, सासुरवाडी कुठली. दुसरा चहा आला. सासुरवाडी मलकापूरची निघाली, तिथला मेव्हणा हल्ली इथेच असतो असं निघालं, त्याला गाण्याची आवड आहे असंही निघालं. गुलाबभाई उठले, गाडीखाली वाकले आणि मागच्या बंपरखालून एक संगीत वाजवणारा हॉर्न वायरीसकट ओढून काढला. मेव्हण्यानं बहिणीच्या नवऱ्याला न विचारता भेट म्हणून बसवला होता, आणि वायर नेमकी इंजिनच्या ठिणगीच्या वायरीवर मारली होती. मालक तो हॉर्न मांडीवर घेऊन बसले.

दसऱ्याची सकाळ त्यांच्या शेडमधे बघण्यासारखी असायची. आदल्या दिवशी खंडेनवमी. सगळं कोल्हापूर त्या दिवशी गाड्या धुतं. एरवी महिनोन्‌महिने गाडीला फडकं न लावणारी माणसं खंडेनवमीला बॉनेट उघडून पाइपानं इंजिनाला आंघोळ घालतात, हार घालतात, हळदकुंकू लावतात. आणि दसऱ्याला सोनं द्यायला निघायचं तर गाडी ढिम्म. कारण डिस्ट्रिब्युटरच्या डब्यात पाणी. मग झेंडूच्या माळा घातलेल्या गाड्यांची रांग आमच्या गल्लीत लागायची, ढकलत आणलेली. गुलाबभाई एकेक डबा काढून भाभींच्या जुन्या ओढणीनं पुसायचे, चहावाल्याच्या शेगडीवर शेकायचे, आणि तुकामिस्त्री सणाचं घर सोडून आलेले असायचे, ते प्लग काढून कोरडे करायचे. गाडीला भक्ती दाखवा, आंघोळ घालू नका, असं प्रवचन जोडीला चालू. दुपारी दोघं हात धुऊन एकमेकांना आपट्याची पानं द्यायचे. त्या डब्यांच्या शेकलेल्या बेकेलाइटचा तो वास मला अजून दसऱ्याचाच वास वाटतो.

या दोघांचं बिनसलं. तेही अशा गोष्टीवरून की जिच्यात गुलाबभाईंचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं.

गगनबावड्याला एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. सासऱ्यांची जुनी पेट्रोल जीप त्यांनी तशीच चालवली होती, घाटमाथ्यावरच्या वाड्यावस्त्यांवर जायला. तिकडचा पाऊस म्हणजे आभाळ फाटल्यासारखा, तिथं साधी गाडी टिकत नाही. त्या जीपचं इंजिन तुकामिस्त्रींनी उतरवून सगळं नवं केलं, लाल रंगवलं. त्या आठवड्यात गुलाबभाई भाच्याच्या लग्नाला मिरजेला गेले होते, म्हणून पहिल्यांदाच मिस्त्रींनी सगळं एकट्यानं जोडलं आणि एकट्यानं सुरू केलं. गाडी गेली. आणि काही दिवसांनी एका ट्रॅक्टरला दोरानं बांधून परत आली. बाई एका वस्तीवर पेशंट बघायला थांबल्या होत्या, बाहेर येऊन सेल्फ मारला तर नुसतं कट्‌कट्. चिखलात ढकलूनही उपयोग झाला नव्हता.

ट्रॅक्टरमागून जीप आली म्हटल्यावर गल्ली गोळा झाली. तुकामिस्त्रींचा चेहरा मला आठवतो. ते म्हणाले, इंजिन कडक हाय, वायरिंग बघा. गुलाबभाईंनी खुर्ची टाकली नाही, चहा मागवला नाही. बॉनेट उघडून एक नजर टाकली, आणि मला वाटतं त्यांना तेव्हाच कळलं. त्यांनी मिस्त्रींना सांगितलं, "तुका, मी सेल्फ मारतो, तू जरा ही चोकची वायर धर बघू."

मिस्त्रींनी धरली. गुलाबभाईंनी सेल्फ मारला, आणि मिस्त्री हात झटकत मागं उडाले. वायरीतून धूर निघत होता. गल्ली हसली. मग गुलाबभाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं समजावून सांगितलं. इंजिनातून वीज परत बॅटरीकडे जाते ती अर्थिंगच्या जाड पट्टीतून. ही पट्टी जिथं इंजिनला आवळायची तिथं ह्या बाबानं लाल रंग फासलाय. रंगातून वीज जात न्हाय. बोल्टच्या आट्यातनं जेमतेम जात हुती, ती घाटाच्या हादऱ्यानं आन पावसानं थांबली. मग बिचारी वीज चोकच्या बारक्या वायरीतनं पळाया लागली, ती तापणारच. त्यांनी पट्टी सोडली, पॉलिशपेपरनं रंग खरवडून आतलं लोखंड चकचकीत केलं, पट्टी आवळली आणि सेल्फ मारला. जीप एका दमात सुरू झाली. आणि मग, जीपच्या आवाजाच्या वर आवाज काढून, ते म्हणाले, "शेवटचा हात ह्येचा. लिपस्टिकचा."

गल्ली पुन्हा हसली. मीही हसले असेन. तुकामिस्त्रींनी भाजलेली बोटं पाण्यात बुडवली, पुसली, सायकल काढली आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी ते कामावर आले, पण गुलाबभाईंशी बोलले नाहीत. गुलाबभाईंना वाटलं दोन दिवसांत निवळेल. निवळलं नाही. आठवड्याभरानं मिस्त्रींनी शेडच्या मधोमध दोरी बांधून एक ताडपत्री टाकली. इंजिन पहिल्यांदा सुरू करायचा तो सोहळा संपला. मिस्त्री आपली इंजिनं दुसऱ्या वायरमनकडून जोडून घ्यायला लागले आणि ठिणगीचं टायमिंग एकटेच लावायला लागले. एकट्यानं लावता येत नाही असं नाही, पण त्यांना दर खेपेला बॉनेट ते सीट अशा येरझाऱ्या घालाव्या लागायच्या. ताडपत्रीच्या अलीकडे गुलाबभाई काम थांबवून ऐकत बसायचे. आवाज बरोब्बर जागेवर आला की त्यांचे ओठ हलायचे. बास, हितंच. पण आवाज फुटायचा नाही.

अबोला म्हणजे अगदीच अबोला असं नव्हे. मधे मी होते ना. "अक्का, त्येंला सांगा, माझा चौदाचा पाना हिकडं ऱ्हायलाय." पाना ताडपत्रीपासून हातभर अंतरावर असायचा, तो मागणारा माणूस दिसत असायचा, तरी मी छापखान्यातून उठून तो एका हातातून दुसऱ्या हातात द्यायचा. एकदा वैतागून मी सांगितलं, की मी पत्रिका छापते, पत्रं पोचवत नाही. तर दोघांनीही मान हलवली, आणि संध्याकाळी पुन्हा, अक्का, त्येंला सांगा.

ईदला भाभींच्या शिरखुर्म्याचा डबा माझ्यामार्फत ताडपत्रीपलीकडे जायचा. मिस्त्री तो घरी न्यायचे. रिकामा डबा परत द्यायचा नसतो, त्यामुळे तो दिवाळीत चिवडा भरून परत यायचा, पुन्हा माझ्यामार्फत. दोन घरांत डबा बोलत होता आणि दोन माणसं बोलत नव्हती. मी एकदा गुलाबभाईंना सरळ विचारलं, की तुम्हीच एक शब्द का टाकत नाही. त्यांनी खिशातली वायरीची शेपटं बोटाला गुंडाळली. मग म्हणाले, "मी खोटं काय बोललो अक्का? सांगा की, काय खोटं बोललो?" हीच तर अडचण होती. खोटं बोलले असते तर माफी मागून मोकळे झाले असते. खऱ्याची माफी कशी मागायची हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, आणि मलाही सांगता आलं नाही.

मिस्त्री मधूनमधून माझ्याकडे यायचे आणि चिकट कागदाच्या गोल चकत्या मागायचे, बाटल्यांच्या लेबलांसाठी मी कापायचे तशा. कशाला, ते सांगायचे नाहीत. मीही विचारलं नाही. न बोलणाऱ्या माणसाला विचारून काय मिळतं?

असं करत वर्षं गेली. नव्या गाड्या आल्या, त्यांत डिस्ट्रिब्युटर नव्हता, ठिणगी कुठून येते ते एका बंद डब्यालाच ठाऊक. गुलाबभाईंचं काम कमी झालं. आणि त्यांचे डोळे गेले. एकदम नव्हे, सावकाश. मोतीबिंदू. ऑपरेशनला घाबरायचे आणि घाबरतो म्हणायची सोय नव्हती, म्हणून दिसतंय की म्हणायचे. तांबडी आणि तपकिरी वायर त्यांना एक दिसायला लागली. मग ते बोटांनी काम करायला लागले. वायर चाचपून, तिची जाडी बघून, ती कुठून आली तिकडे बोट फिरवत. बऱ्याचदा जमायचं. दिवा पेटलाय का हे मात्र ते येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे, आणि विचारताना असं दाखवायचे की ते परीक्षा घेताहेत. भाभी मला म्हणायच्या, तुम्ही तरी सांगा. मी सांगायचे आणि ऐकून घ्यायचे, की कोल्हापुरात खात्रीच्या गोष्टी दोनच.

याच दिवसांत डॉक्टरीणबाईंची जीप परत आली. पुन्हा इंजिनचं मोठं काम निघालं होतं. बाई आता थकल्या होत्या, पण दवाखाना सुरू होता. त्यांनी शेडच्या मधोमध, ताडपत्रीला हात लावून, दोन्हीकडे ऐकू जाईल असं सांगितलं, की इंजिन मिस्त्रींनी करायचं आणि वायरिंग गुलाबभाईंनी, आणि ते जमत नसेल तर जीप आजच भंगारात घालते. दोघं आपापल्या बाजूला वळले. पण गाडी राहिली. ताडपत्री वर गुंडाळावी लागली, कारण जीप दोन्ही बाजूंना पसरत होती.

मिस्त्रींनी आपलं काम केलं. इंजिन लालभडक रंगवलं. मग मागं सरकून हात पुसत उभे राहिले आणि मला म्हणाले, अक्का, त्येंला सांगा, माझं झालं. गुलाबभाई पुढं आले. बोटांनी इंजिन चाचपत त्यांचा हात अर्थिंगच्या जागेवर पोचला आणि अंगठा तिथं थांबला. तिथं रंग नव्हता. लाल इंजिनावर रुपयाएवढं गोल, स्वच्छ, उघडं लोखंड होतं. माझ्या चकत्यांचं कोडं तेव्हा मला उलगडलं. रंग मारण्याआधी त्या जागी चकती चिकटवायची, रंग वाळला की ओढून काढायची. भांडण झाल्यापासून हे प्रत्येक इंजिनला चाललं होतं, आणि ते पलीकडे कुणाला सांगितलेलं नव्हतं. गुलाबभाईंनी तो गोल अंगठ्यानं दोन-तीनदा चोळला. चष्मा काढून शर्टाला पुसला. मग पट्टी आवळली, वायरी जोडल्या, प्लगच्या चार वायरी डिस्ट्रिब्युटरच्या डब्यात खोचल्या, पुटपुटत, एक-तीन-चार-दोन.

नारळ फुटला. उदबत्ती लागली. डॉक्टरीणबाई आल्या होत्या, गल्लीतली चारदोन माणसं होती. गुलाबभाईंनी सेल्फ मारला. जीप खोकली, हादरली आणि सायलेन्सरमधून फटाक्यासारखा बार काढून बंद पडली. परत मारला, परत तेच. आणि मी बघितलं, की सगळ्यांच्या नजरा मिस्त्रींकडे वळल्या. इंजिनचं काम झालेलं, गाडी चालत नाही, म्हणजे शेवटचा हात कुणाचा ते गल्लीला पाठ होतं.

मिस्त्री पुढं आले. बॉनेटखाली वाकून त्यांनी क्षणभर त्या चार वायरींकडे बघितलं. मग ताठ झाले आणि मला म्हणाले, "अक्का, त्येंला सांगा, इंजिनातच काय तरी ऱ्हायलंय. मी परत उघडून बघतो."

नंतर त्यांनी मला सांगितलं, की पहिल्या खोकण्यालाच त्यांनी ओळखलं होतं. वायरींची अदलाबदल झाली होती. नुसती बोटं पुढं करून ते बदलू शकले असते, किंवा त्या जुन्या दिवसाचा हिशोब चारचौघांत चुकता करू शकले असते. त्याऐवजी त्यांनी धडधाकट, नवं, नुकतं बंद केलेलं इंजिन पुन्हा उघडायचं अंगावर घेतलं होतं.

गुलाबभाई ड्रायव्हरच्या जागेवरून उतरले. तेही कान देऊन ऐकणारे, त्यांना तो बार कळला नसेल असं कसं म्हणू? ते बॉनेटपाशी आले. पहिल्या प्लगवर बोट ठेवलं आणि वायरीवरून सरकवत डब्यापर्यंत नेलं. मग तिसऱ्यावर. तिथं बोट थांबलं. परत मागं गेलं, परत आलं. गल्लीत कुणी हललं नाही. मला मनात वाटत होतं, मुकाट्यानं बदला आणि सेल्फ मारा, कुणाला काय कळतंय.

"थांबा," ते म्हणाले, आणि आवाज तोच होता, नदीपल्याडचा. "इंजिनाला कुणी हात लावू नगा. शेवटचा हात माझा हाय. दोन आन तीनच्या वायरी मी उलट्या घातल्यात." मग वळले, आणि इतक्या वर्षांनी मधे अक्का न घालता बोलले. आवाज मात्र एकदम खाली आला होता. "तुका, मला दिसत न्हाय रं आता."

मिस्त्री पुढं सरकले. त्यांनी दोन वायरी उपसल्या, बदलून खोचल्या आणि गुलाबभाईंचा दंड धरून त्यांना ड्रायव्हरच्या जागी नेऊन बसवलं. स्वतः बॉनेटखाली वाकले. जीप सुरू झाली. मिस्त्री सावकाश डबा फिरवायला लागले. गुलाबभाईंनी डोळे मिटले होते, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला त्यांनी स्टिअरिंगवरचा हात काढला नाही. इंजिन गुरगुरलं, धापा टाकली, आणि एका जागी आल्यावर तेलासारखं सरळ झालं.

"बास," गुलाबभाई ओरडले, "हितंच."

मिस्त्रींनी बोल्ट आवळला. मग, सगळ्यांदेखत, त्यांनी चोकची वायर मुठीत धरली आणि धरूनच ठेवली. "गार हाय," म्हणाले. त्या दिवसाच्या कमाईतली माझ्या वाट्याला आलेली कमाई एवढीच, की त्यानंतर मला कुणी पाना पोचवायला सांगितलं नाही.

मोतीबिंदूचं ऑपरेशन मिस्त्रींनीच करवलं. कसं, तर गुलाबभाईंना मलकापूरला एक गाडी बघायचीय असं सांगून घराबाहेर काढलं आणि स्कूटर दवाखान्याच्या दारात उभी केली. एका डोळ्याचं झालं, तो छान झाला. दुसऱ्याचं करायचं राहिलं. त्या हिवाळ्यात गुलाबभाई झोपेतच गेले. त्या रात्री जप चालू होता का, हे भाभींना विचारायचा मला धीर झाला नाही.

पण मला ते शेवटचे दिसले ते त्याआधी, राजारामपुरीत, भर दुपारी. मी पत्रिकांचा गठ्ठा पोचवून रिक्षाची वाट बघत उभी होते. समोरून मिस्त्रींची जुनी स्कूटर आली. पुढं मिस्त्री, मागं काळा चष्मा लावलेले गुलाबभाई, एक हात मिस्त्रींच्या खांद्यावर. कोपऱ्यावर वळताना स्कूटर दोनदा खोकली आणि बंद पडली. मागं गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. गुलाबभाई तसेच मागं बसून, सगळ्या चौकाला ऐकू जाईल असे गरजले, की सकाळी आपण दोघांनी प्लग साफ केला तेव्हा बरी हुती की, मग शेवटचा हात कुणाचा?

मिस्त्रींनी मागं वळूनही बघितलं नाही. "दोघांचा," ते म्हणाले. "उतर आता, ढकल."

आणि गुलाबभाई उतरले, चष्मा सावरला, आणि ढकलायला लागले.